परडीची कात

कात आधी रुख्मिणीला दिसली. तिने हात पुढे केला होता तो बोंडासाठी. बोटांना कापसाऐवजी काही तरी कोरडं, पातळ लागलं आणि तिने हात मागे घेतला.

कापसाची पऱ्हाटी तिच्या कमरेएवढी होती. वरच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात कात अडकली होती आणि वाऱ्याने हलत होती. तिच्यावरचे गोल ठिपके पुसट होते, पण ओळखू येत होते.

"परड," रुख्मिणी म्हणाली.

ती ओरडली नाही. शेजारच्या ओळीतल्या बाईने ऐकलं, तिने पलीकडचीला सांगितलं, आणि थोड्याच वेळात साऱ्या बाया कमरेच्या कापसाच्या ओट्या सोडून वावरातून निघाल्या आणि बांधावर, धुऱ्यावर, उभ्या राहिल्या. दुसरीकडे जिला घोणस म्हणतात ती वऱ्हाडात परड. मागच्या हंगामात टोळीतल्या पार्वताबाईची सून वेचताना परड चावून मेली होती. तिचा पाय मांडीपर्यंत सुजून काळा पडला होता, शेवटी हिरड्यांतून रक्त येत होतं. या बायांनीच तिला खाटेवर घालून घरी आणलं होतं.

वावराचे मालक भगवंतराव बैलांना पाणी दाखवून आले तेव्हा वावर रिकामं होतं.

"काय झालं वं? ओट्या काहून सोडल्या?"

"परड हाये जी तुमच्या वावरात."

"कोनं पाह्यली?"

"कात पाह्यली."

"कात चावते काय?"

कोणी हसलं नाही. "चावत नसन तर तुमी वेचा," रुख्मिणी म्हणाली. तिने पाठीला बांधलेली मुलगी सारखी केली. "आमाले लेकरं हायेत."

शेजारच्या वावराचे खुशालराव धुऱ्याच्या पलीकडेच उभे होते. "बायांहो, इकडं या. माह्या वावरात आजवर गांडूळ बी निघालं नाई," ते म्हणाले. बाया धुरा ओलांडून तिकडे उतरल्या. भगवंतरावांनी ते पाहिलं. खुशालराव एवढ्या सकाळी धुऱ्यावर कशाला आले होते, हा विचार त्यांच्या मनात आला तो तेव्हाच.

ते साल वेचणाऱ्या बायांसाठी भांडण्याचं होतं. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली आहे आणि तिच्यापायी इथल्या कापसाला किंमत आली आहे, एवढं गावाला ठाऊक होतं. ज्याने त्याने ज्वारी मोडून पऱ्हाटी लावली होती. खुशालरावांनी तर गावाच्या वरच्या अंगाचं जुनं चराऊ रान मोडलं होतं आणि त्यातले गोटे वेचून कोपऱ्यात बाभळीखाली ढीग घातला होता. कापूस सगळ्यांचा एकदमच फुटला. तिकडे बडनेऱ्याला आगगाडीच्या बांधाचं काम निघालं होतं, गावातली निम्मी माणसं तिकडे माती टाकायला गेली होती. उरल्या त्या रुख्मिणीच्या टोळीतल्या बाया. त्या ज्याच्या वावरात, त्याचा कापूस घरी. बाकीच्यांचा मातीत.

*

भगवंतराव आणि त्यांची बायको मैनाबाई दोघंच वेचू लागले.

बोंडाची टोकं वाळून काट्यासारखी झाली होती. मैनाबाईच्या नखांच्या कडा फाटल्या. सरकी लागून त्या चरचरत. ती वाकून वेचत असे, भगवंतराव बसून सरकत. संध्याकाळी त्यांना उठताना तिचा खांदा लागे. पुढची ओळ निघेपर्यंत मागच्या ओळीत नवीन बोंडं फुटत. वारा सुटला की फुटलेला कापूस लोंबे, गळून पडे आणि वाळक्या पानाचा चुरा त्याला चिकटे. असा कवडी कापूस बाजारात कोणी हातात धरत नाही.

वेचता वेचता भगवंतराव बोलत. बोलणं एकाच गोष्टीवर असे.

"रुख्मिणीचंच काम हाये हे. मागच्या येळी तिच्या वाट्याचा ढीग लहान पडला म्हणून कुरकुरली व्हती."

"लहानच व्हता तो," मैनाबाई म्हणाली.

"तू कोणाकडून हायेस?"

"मी वेचून राहिली."

थोड्या वेळाने: "नाई, रुख्मिणी नाई. खुशाल्याच. सकाई सकाई धुऱ्यावर काय कराले आला व्हता तो? मले म्हणते, गांडूळ बी नाई. कोनं इचारलं व्हतं त्याले?"

"त्याईनं कात आणून टाकली म्हणता?"

"तू त्या कातीले जाळ आधी."

मैनाबाईने कात जाळली नव्हती. सुपात घालून, वर दुसरं सूप पालथं घालून तिने ती गोठ्यात वर ठेवली होती. उद्या कोणी विचारलं तर दाखवायला काही तरी हवं, असं तिला वाटत होतं. विचारणारा कोण असेल हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

तिनेच पुंजारामला निरोप पाठवला. पुंजाराम गारुडी. बडनेऱ्याला बांधासाठी गोटे फोडत होते, त्या खाणीतले साप काढायला ठेकेदाराने त्याला ठेवून घेतलं होतं, त्यामुळे तो हल्ली कोणाच्या बोलावण्याला लवकर येत नसे. आला तो भल्या पहाटे, कावड खांद्यावर, आणि धुऱ्यावर पाय ठेवायच्या आधीच भगवंतरावांनी त्याला अडवलं.

"थांब बे. आधी टोपली उघड."

पुंजारामने टोपली उघडली. रिकामी होती. मडकंही रिकामं होतं.

"पागोटं सोड."

"मालक, पागोट्यात साप ठेवला तर मीच पहिले मरन."

"तुमी लोक आपलाच साप सोडता अन् आपणच धरता. मले शिकवू नोको. सोड."

पुंजारामने पागोटं सोडून झाडून दाखवलं. बंडी काढून झाडली. मग म्हणाला, "आता तुमी बी झाडा. तुमच्या पदरी काय हाये हे मले कसं ठाऊक?"

मैनाबाईला हसू आलं. भगवंतरावांना आलं नाही.

*

पुंजाराम वावरात शिरला तो ओळीने नाही, कडेकडेने. उन्हाचा पहिला तुकडा जिथे पडत होता तिथे आधी गेला. थंडीत साप सकाळी ऊन खायला बाहेर येतो, म्हणाला. प्रत्येक बिळापाशी तो उकिडवा बसे आणि हात न लावता पाही. बहुतेक बिळांच्या तोंडावर कोळ्याची जाळी होती. "अठून कोणी आत गेलं नाई, कोणी बाहेर आलं नाई," तो म्हणे आणि पुढे जाई. तुरीच्या ओळीत एक लांबलचक, पिवळसर साप सळसळत निघाला आणि पऱ्हाटीत दिसेनासा झाला. भगवंतरावांनी काठी उचलली.

"धामण हाये. मारू नोका. तुमचे उंदीर तिनंच खाल्ले, म्हणून बिळं रिकामी दिसून राहिली."

धुऱ्याकडेला निंदून काढलेल्या वाळक्या गवताचा ढीग होता. पुंजारामने काठीने तो वरचेवर उलटवला आणि आत एक आखूड, जाडजूड साप वेटोळं करून बसलेला दिसला. अंगभर तपकिरी डाग.

"हेच!" भगवंतराव मागे सरले. "हीच परड!"

पुंजारामने खाली वाकून त्याला हाताने उचललं. साप त्याच्या मनगटाला विळखा घालून गप्प राहिला.

"डुरक्या हाये हा. याच्यात इख नाई. शेपूट पाहा, कापल्यावानी बोथट. परडीचं निमुळतं असते. अन् याचे डाग पाहा, एकात एक मिसळले, वेडेवाकडे. परडीचे ठिपके सुटे सुटे असतात, तीन रांगांत, माळेतल्या मण्यांवानी."

"कोठून काढला हा? काल त्या ढिगात काही दिसलं नाई मले."

"पागोट्यातून," पुंजाराम म्हणाला.

भगवंतराव थोडा वेळ त्या सापाकडे पाहत राहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "असाच मडक्यात घाल. बायांले दाखवू. सांगू, परड धरली."

"त्या बायाईनं परड पाह्यली हाये, मालक. परडीनं मेलेली बी पाह्यली हाये. डुरक्या दाखवला तर तुमच्या वावरात कधीच पाय ठेवणार नाईत."

मैनाबाईने गोठ्यातून सूप आणलं. पुंजारामने डुरक्याला मडक्यात घातलं, कात तळहातांवर घेतली, उन्हाकडे धरली आणि उलटून पालटून पाहिली.

"कात परडीचीच हाये," तो शेवटी म्हणाला. "पोटाखालचे हे पट्टे पाहा, या कडेपासून त्या कडेलोक रुंद. डुरक्याचे चिंचोळे असतात. कोठी सापडली?"

मैनाबाईने पऱ्हाटी दाखवली. वरचं बेचकंही दाखवलं.

"इतक्या वर?"

"हो."

"परड झाडावर चढत नाई. जड जीव हाये, जमिनीवरच राह्यते. अन् कात काढाले तिले खरबरीत जागा लागते. ओठ गोट्यावर घासते, तठी कात अडकते, मंग ती पुढं सरकते अन् कात मागं उलटी निघत जाते, बंडीच्या बाहीवानी. हे तोंडाकडचं टोक. फाटलं हाये. गोट्याच्या फटीत अडकलं व्हतं, ते कोणी ओढून काढलं." त्याने नखाने कातीच्या घडीतून काही तरी काढलं आणि मैनाबाईच्या तळहातावर ठेवलं. पिवळट, खरखरीत कण होते. "तुमच्या वावरात मुरूम कोठी हाये?"

मैनाबाईने खाली पाहिलं. पायाखाली काळी माती होती, ओली, पायाला चिकटणारी. तिने वर पाहिलं. चढावर, धुऱ्याच्या पलीकडे, खुशालरावांचं मोडलेलं रान पिवळं दिसत होतं. कोपऱ्यात बाभळीखाली गोट्यांचा ढीग. ढिगाशेजारी वेचलेला कापूस पसरलेला. बाभळीच्या खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली होती. ती मधूनमधून हलत होती. बाया वेचत दूर गेल्या होत्या.

"मी म्हणलं नव्हतं?" भगवंतराव म्हणाले. "खुशाल्या! मी म्हणलं नव्हतं?"

"परड अजून तठीच असन काय?" मैनाबाईने विचारलं.

"कापसाच्या ढिगाले सरकीसाठी उंदीर येतात. जेवणातले भाकरीचे तुकडे पडतात. ती कोठी जाईन?" पुंजाराम म्हणाला. "कात टाकल्यावर तर भुकेली असते."

"रुख्मिणीची पोरगी हाये त्या झोळीत."

भगवंतराव खाली बसले. त्यांनी एक बोंड तोडलं, कापूस काढला, ओटीत टाकला. "अन् सांगाले गेलो तर? काय म्हणतीन? आधी यायच्या वावरात परड व्हती, आता तिकडं गेली. बाया परत नेवाले आले. हासतीन आपल्याले." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दिसन ती कोणाले तरी आज ना उद्या. मंग बाया आपणच येतीन इकडं. आपण काहून बोलावं?"

पुंजाराम मडक्याला फडकं बांधू लागला.

 मैनाबाईने पुंजारामला भाकरी दिली. स्वतः ओटी खोचली आणि वेचायला लागली. ओळ संपली, तिने दुसरी धरली. बाया परत आल्या तर हा उताराचा सगळा तुकडा चतुर्थीच्या आत निघेल, हे तिच्या मनात येऊन गेलं. तिने ते घालवलं नाही. ऊन डोक्यावर आलं. मग चढावरून पोरीचं रडणं ऐकू आलं, थांबलं, पुन्हा आलं आणि एकदम बंद झालं.

मैनाबाईने ओटी सोडली. कापूस जागेवरच पडला. "चाल," ती पुंजारामला म्हणाली आणि धुऱ्याकडे निघाली. भगवंतराव हाक मारत मागून आले.

*

बाया जेवायला बाभळीखाली जमल्या होत्या. रुख्मिणी झोळीतल्या मुलीला थोपटत होती. मुलगी झोपली होती. खुशालरावांची सून सुभद्रा बायांसाठी आंबील घेऊन आली होती, तिच्या कडेवर तिचा मुलगा होता.

"रुख्मिणी, पोरीले घे तठून," मैनाबाई म्हणाली. तिला धाप लागली होती. "त्या गोट्यांत परड हाये."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. एक म्हणाली, "तुमच्या वावरातली पायी पायी आली वाटते."

"तिले बी इकडचा वाटा बरा दिसला असन," दुसरी म्हणाली. आता मात्र सगळ्या हसल्या.

खुशालराव पुढे आले. त्यांनी आधी भगवंतरावांकडे पाहिलं, मग पुंजारामकडे. "गारुडीच घेऊन आले काय वयनी? वा. ह्या मडक्यात काय हाये बे?"

"डुरक्या हाये जी. यायच्या धुऱ्यावर सापडला."

"आयका! साप संगं घेऊनच आला. आता गोट्यांत सोडन अन् काढून दाखवन." त्यांनी मडकं हिसकून लांब नेऊन ठेवलं. काठी काढून घेतली. "धोतर झाड त्याचं."

त्यांच्या गड्याने पुंजारामचं धोतर सोडलं, झाडलं, जमिनीवर टाकलं. पुंजाराम बायांसमोर लंगोटीवर उभा राहिला. दोघी-तिघींनी तोंड फिरवलं. पुंजारामने हात वर धरले होते, कोणी सांगितलं नव्हतं तरी. त्याच्या बरगड्यांवर जुन्या चाव्याचा गाठाळ वण होता.

"आता गोटे काढू द्या त्याले," मैनाबाई म्हणाली.

"नाई. माहे गोटे. बसवलेला ढीग हाये, तुमच्यासाठी मोडू काय? बाया घेऊन जावाले आले, सरय सांगा."

"बाया नोका देऊ."

"मंग काय पाह्यजे?"

 मैनाबाई सुभद्राकडे वळली. "सुभद्रा, कडेवर घेऊन दमली असशीन. तुहा पोरगा ठेव त्या झोळीत, पोरीच्या बाजूले."

सुभद्राने सासऱ्याकडे पाहिलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ती झोळीकडे दोन पावलं गेलीसुद्धा.

"नाई," खुशालराव म्हणाले. "ऊन लागन त्याले."

झोळीवर बाभळीची दाट सावली होती. जमिनीवर उन्हाचा एक कवडसासुद्धा नव्हता. रुख्मिणीने वर फांदीकडे पाहिलं, खाली सावलीकडे पाहिलं, आणि खुशालरावांकडे पाहिलं. मग तिने दोन्ही हात झोळीत घातले, मुलीला उचललं आणि मागे सरकली. मागे सरकताना तिने गोट्यांवरची नजर काढली नाही.

"अवो, गेली ती!" खुशालराव म्हणाले. "कात टाकली का परड जागा सोडते. मले ठाऊक नाई काय? येडा हाये काय मी, बायांले तठी बसवाले?"

"कोठी टाकली कात?" रुख्मिणीने विचारलं.

खुशालरावांची नजर गोट्यांकडे गेली.

"तुमी तर म्हणत व्हते, माह्या वावरात गांडूळ बी निघालं नाई."

 सुभद्राने मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि ती बायांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली.

पुंजाराम वाकला, धोतर उचललं, नेसला. कोणाला न विचारता काठी घेतली. ढिगाच्या वरच्या गोट्यांना त्याने हात लावला नाही. तो उगवतीच्या बाजूला, कापसाकडून आत जाणाऱ्या एका फटीपाशी गेला. तिथली माती घासून गुळगुळीत झाली होती. त्याने एक गोटा काठीने लोटला, दुसरा लोटला. तिसऱ्याच्या आतून आवाज आला. लोहाराचा भाता दाबल्यासारखा, लांब, थांबून पुन्हा येणारा. बाया एकदम मागे हटल्या.

ती पूर्ण बाहेर आलीच नाही. जाड अंगाचा एक वळसा, त्याच्यावर सुटे सुटे काळ्या कडेचे ठिपके, आणि मानेपासून वेगळं, चपटं, तिकोनी डोकं. कात नुकतीच टाकलेली असल्यामुळे रंग चकचकीत होता. झोळीची खालची घडी तिच्यापासून हातभरावर लोंबत होती. पुंजारामने मान दाबली, शेपटीने धरून तिला काढलं आणि टोपलीत घालून झाकण बांधलं. तो घामाने निथळला होता.

"मार तिले," खुशालराव म्हणाले.

"तुमच्या सांगण्यावर आता कोणाले मारू, मालक?" पुंजाराम म्हणाला आणि मडकं आणायला गेला.

रुख्मिणीने मुलीला एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने ओटीची गाठ सोडली. सकाळपासून वेचलेला कापूस तिने खुशालरावांच्या पायाशी सांडला. वाटा मागितला नाही. बाकीच्या बायांनी एकेक करून तसंच केलं.

भगवंतराव आता पुढे झाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "चाला बायांहो. पाह्यलं ना आता? आमच्या वावरात काही नाई. गारुड्यानं सारं पाह्यलं सकाई सकाई."

"सकाई?" रुख्मिणी म्हणाली.

"व्हय, पहाटंच आला तो."

"कात कोठची हाये हे कधी कळलं तुमाले?"

भगवंतरावांनी पुंजारामकडे पाहिलं.

"सकाई कळलं," रुख्मिणी म्हणाली, "अन् सांगाले दुपार काहून झाली?"

"काम व्हतं थोडं. अन् याले भाकरी..."

रुख्मिणीने त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं नाही. ती मैनाबाईकडे पाहत होती. मैनाबाईला नवऱ्याचं नाव घेता आलं असतं. हे येऊ देत नव्हते, असं म्हटलं असतं तर बायांनी मानलं असतं. भगवंतराव तसेच आहेत हे बायांना ठाऊक होतं.

"मी वेचत व्हती," मैनाबाई म्हणाली. "झोळी दिसत व्हती मले. तरी वेचत व्हती."

रुख्मिणीने मान हलवली, हो किंवा नाही कळणार नाही अशी. मुलगी जागी झाली होती. तिच्या तोंडात स्तन देऊन, पदर ओढून ती गावाकडे चालू लागली. बाकीच्या मागून गेल्या. त्या दुपारी कोणाच्याच वावरात कोणी वेचलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी बाया आल्या. भगवंतराव धुऱ्यावर उभे होते. त्यांना पाहून बाया गाडरस्त्यावरच थांबल्या. मैनाबाईने नवऱ्याला काही सांगितलं, तेव्हा भगवंतराव बैल घेऊन गावाकडे गेले.

"कोणती ओळ धरू?" मैनाबाईने विचारलं.

"मधली," रुख्मिणी म्हणाली. मुलगी तिच्या पाठीला घट्ट बांधलेली होती. आज झोळी कोणीच आणली नव्हती. "तुमी पुढं व्हा. पायतन काढून."

मैनाबाईने पायतन काढून धुऱ्यावर ठेवलं. जमीन गार होती, दवाने चिकट झालेली. ती पहिल्या पऱ्हाटीत शिरली, पाय टाकला, थांबली, दुसरा टाकला. दोन्ही हातांनी वेचायचं होतं, त्यामुळे फांद्या बाजूला सारायला हात उरत नव्हता. मागे बाया एका ओळीत उभ्या होत्या. अजून एकीनेही ओटी खोचली नव्हती. फुटलेला कापूस त्यांच्या चारी बाजूंना होता आणि त्यातल्या एकीचंही लक्ष त्याच्याकडे नव्हतं. त्या मैनाबाईच्या पायांकडे पाहत होत्या.

ओळ निम्मी झाल्यावर रुख्मिणीने तिच्या पाऊलखुणेत पहिलं पाऊल ठेवलं.